सात पायांचा नवा कोळी

माणसाने खोटं बोलावं, पण पेलेल एवढंच बोलावं. मापकाकांना हे कुणी सांगायची गरज नव्हती. सगळी नोकरी त्यांनी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली होती. दुकानदाराने काट्याखाली चिकटवलेलं मेण त्यांना दारातून दिसायचं. वजन तळहातावर घेऊन ते नुसतं "हलकं आहे" म्हणायचे आणि ते हलकंच निघायचं. निवृत्त झाल्यावर त्यांचं आडनाव मागे पडलं आणि इमारतीतल्या पोरांनी ठेवलेलं 'मापकाका' एवढंच उरलं. असा हा माणूस एका रविवारी सकाळी स्वतःच्या लेकीसमोर एवढं मोठं खोटं बोलला, की ते निस्तरता निस्तरता सगळी इमारत कामाला लागली.

काकूंना जाऊन वर्ष उलटलं होतं. आतली खोली काकूंची. तिथे त्यांचं शिवणाचं मशीन, बटणांचे डबे, कापडाचे गठ्ठे. इमारतीतला असा पडदा नव्हता की ज्याची किनार काकूंनी दुमडली नव्हती. आता ती खोली होती तशीच होती. मापकाका सकाळी जाऊन खिडकी उघडत आणि संध्याकाळी जाऊन बंद करत. मधल्या वेळात आत काही होत नसे.

लेकीला हे बघवत नव्हतं. "बाबा, भिंतीला ओल आलीय. सामान काढू, रंग लावू. मी शनिवार-रविवार येऊन राहीन तिथे." मापकाकांनी आधी पाठदुखी सांगितली. मग पंचांगाकडे कधी न बघितलेल्या या माणसाने दिवस चांगला नाही असं सांगितलं. शेवटी लेक काही न विचारता दोन हमाल घेऊनच आली.

हमालांनी मशीनला हात घातला आणि त्याच्या कडेवरून एक कोळी धागा सोडत खाली आला. मोहरीएवढा. फिकट विटकरी, पाठीवर पांढरा ठिपका.

"थांबा!" मापकाका ओरडले.

हमाल थांबले. त्यांना वाटलं, विंचू.

"हा कोळी... साधा नाही," मापकाका म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढंच. पण एकदा बोलल्यावर पुढचं आपोआप आलं. "नवी जात आहे. शास्त्राला माहीत नसलेली. अशा वेळी जागेवरचं काही हलवत नाहीत."

लेकीने बापाकडे बघितलं. नजर आईची होती. ती तराजूत घालून तोलणारी नजर मापकाका ओळखून होते. "असं का? मग विचारूच की," ती म्हणाली आणि तिने फोनवर कोळ्याचे फोटो काढून कुणाला तरी पाठवले. तिच्या कचेरीतल्या मैत्रिणीचा भाऊ कॉलेजात प्राध्यापक होता आणि त्याचा विषय, मापकाकांचं नशीब बघा, कोळी.

मापकाका निर्धास्त होते. रविवारी कुठला प्राध्यापक उत्तर देतो? पण हमालांचा चहा संपायच्या आत उत्तर आलं. 'कुठे मिळाला? काहीही हलवू नका. मी या आठवड्यात येतो. तोवर काकांना मापं घेऊन वर्णन लिहून ठेवायला सांगा.'

खोट्याच्या कपाळी गोटा असं म्हणतात. इथे तो गोटा लेकीच्या कपाळी बसला. तिने मुकाट्याने हमालांना वाटेला लावलं.

आता 'मापं घ्या' हे मापकाकांना सांगणं म्हणजे म्हाताऱ्या घोड्याला रणशिंग ऐकवणं. त्यांनी कपाटातलं भिंग काढलं, खात्यात असताना वापरायचे तो मोजणीचा चिमटा काढला, मशीनखाली आडवे झाले आणि त्यातल्या त्यात रुबाबदार दिसणारा एक कोळी निवडून वर्णन लिहिलं: 'सदर कोळी आकाराने मोहरीएवढा असून रंगाने फिकट विटकरी आहे. पाठीवर पांढरा ठिपका एक. पाय एकूण सात. पैकी डावीकडे चार व उजवीकडे तीन. वागणूक समाधानकारक.'

सात पाय! मापकाकांनी पुन्हा मोजले. सातच. म्हणजे आपण बोललो ते खोटं नव्हतंच, ही गोष्ट त्यांना तिथे फरशीवर पडल्यापडल्या समजली आणि त्यांची छाती जमेल तेवढी फुगली.

खाली जिन्यापाशी इमारतीचे सेक्रेटरी भेटले. हे गृहस्थ पूर्वी विमा कंपनीत होते, त्यामुळे प्रत्येक गोष्टीत आधी धोका बघत. "कोळ्याला आठ पाय असतात," ते म्हणाले.

"इतरांना असतात," मापकाका म्हणाले.

बातमी पसरली तसा सल्ला सुरू झाला. कुणी म्हणालं चुना फासा, कुणी म्हणालं कोळी अंगावरून गेला की फोड येतात, कुणी म्हणालं आमच्या यांच्या गावी नऊ पायांचा होता पण कुणी दखल घेतली नाही. वरच्या मजल्यावरच्या वहिनी रोज काही ना काही निमित्ताने येऊन खोलीत डोकावून जात. "भावजी, चावत नाही ना?" "अजून तरी नाही," मापकाका गंभीरपणे सांगत. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या घराची बेल वाजत होती.

मंगळवारी प्राध्यापक आला. हातात हेल्मेट, पाठीला पिशवी, वयाने लेकीपेक्षा लहान. मापकाकांनी बरणीत धरून ठेवलेल्या कोळ्याकडे त्याने भिंगातून एकदाच बघितलं.

"काका, याचा एक पाय तुटलाय."



"निरीक्षकाने वस्तू समोर असेल तशी नोंदवायची असते," मापकाका म्हणाले.

"बरोबर आहे. पण माझीही एक दाढ काढलीय. म्हणून मी नवी जात होत नाही ना?"

मापकाकांनी मान खाली घातली. खोटं वजन सापडल्यावर दुकानदार कसे उभे राहत, ते त्यांना आज आतून कळलं. पण प्राध्यापक हसून पुढे म्हणाला, "पाय सोडा. पण हा मला माहीत असलेल्यांपैकी वाटत नाही. कदाचित खरंच नवा असेल."

"मग ठरवायचं कसं? रंगावरून?"

"रंगावर, आकारावर काही नाही. याचे चुलतभाऊ दिसायला हुबेहूब असेच असतात. फरक एकाच ठिकाणी कळतो."

"कुठे?"

प्राध्यापकाने सांगितलं. शिकवायची सवय असल्याने मोठ्या, स्वच्छ आवाजात सांगितलं. मादीच्या पोटाखाली काय बघायचं, नराचं काय बघायचं, किती जवळून बघायचं, कुठल्या बाजूने उजेड पाडायचा. मापकाकांची कानशिलं तापली. त्यांनी उठून दार लावायला जावं, तर दारात वहिनी, हातात परत करायची वाटी.

"हे बघा काका, यात लाजण्यासारखं काही नाही," प्राध्यापक आतून म्हणतच होता. "कुलूप आणि किल्ली समजा. प्रत्येक जातीचं कुलूप वेगळं, किल्ली वेगळी. चुलतभावाची किल्ली इथे चालत नाही. आपण फक्त तेवढंच तपासायचं."

"मी नंतर येते, भावजी," वहिनी म्हणाल्या आणि वाटी तशीच घेऊन गेल्या.

प्राध्यापक एक मादी बरोबर घेऊन गेला, सात पायांची मादी बरणीतच राहिली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. मादी कुठल्याच माहीत असलेल्या जातीशी जुळत नव्हती. पण एकट्या मादीवर दावा करणं कच्चं. नर पाहिजे. नर आकाराने निम्मा असतो, जाळं करत नाही, मादीच्या शोधात हिंडतो. त्याच्या तोंडाजवळचे दोन छोटे हात फुगलेले असतात, मुष्टियोद्ध्याने हातमोजे घातल्यासारखे. तो दिसला की उचलायचा. त्यासाठी प्राध्यापकाने जाताना मापकाकांना स्पिरिटच्या दोन लहान बाटल्या दिलेल्या होत्याच.

त्यातली एक बाटली खिशात ठेवून मापकाका खाली बारीक ब्रश आणायला निघाले. बाटलीचं झाकण सैल होतं. लिफ्टमध्ये सेक्रेटरी होते. तिसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत दोघंही पुढे बघत उभे राहिले. मापकाकांचा शर्ट ओला होत होता आणि वास सगळ्या लिफ्टभर झाला होता.

संध्याकाळी सेक्रेटरी घरी आले. खुर्ची ओढून जवळ बसले. "काकू गेल्या, आम्हाला सगळं समजतं. पण सकाळी अकरा वाजता?"

"अहो, ते कोळ्यासाठी आहे."

"सगळे कशासाठी तरीच म्हणतात. माझा साडू सर्दीसाठी म्हणायचा." सेक्रेटरींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "हे सगळं त्या कोळ्यांमुळे झालंय. शनिवारी आपल्या इमारतीत फवारणी आहे. प्रत्येक घरात. सभेत ठराव झालाय. एकदा ते किडे गेले की तुम्हीही माणसात याल."

मापकाका खुर्चीतून उठले. "माझं घर वगळा."

"कुठल्या नियमात? नियमात कुत्रा आहे, मांजर आहे, पोपट आहे. कोळी कुठे बसवू?"

"ही नवी जात आहे!"

"मग तसं लेखी आणा. कॉलेजचं पत्र, शिक्का. शिक्क्याशिवाय तुम्ही तरी कधी एखादं माप पास केलंत का?"

 सेक्रेटरी जाताच मापकाकांनी प्राध्यापकाला फोन केला. तो म्हणाला, "नर मिळवा, त्याच दिवशी पत्र देतो. नराशिवाय माझी सही होणार नाही." फवारणी झाली तर कोळी संपणार होते. कोळी संपले की जागा हलवू नये असं म्हणायचं कारण संपणार होतं. आणि मग रविवारी हमाल येणार होते.

गुरुवारी दुपारी नर मिळाला. खिडकीच्या पडद्याच्या चुणीत बसला होता, फुगलेले हात तोंडाशी धरून. मापकाकांनी ब्रशच्या टोकाने त्याला अलगद उचललं, बरणीत सोडलं आणि फोन लावला.

"सर, नर मिळाला!"

"वा काका! स्पिरिटमध्ये टाकलात?"

"नाही. जीव झाला नाही. बरणीत आहे."

"कुठल्या बरणीत?"

"मादीच्या."



"काका," मग प्राध्यापक हळूच म्हणाला, "आत्ता जरा बघता का?"

मापकाकांनी बघितलं. मादी होती. नराचे पायही होते, पण बाकीचा नर नव्हता.

"वेगळं कशाला ठेवायचं, म्हटलं," मापकाका म्हणाले. "नवराबायको आहेत. एकट्याला करमणार नाही."

"कोळ्यांत तसं नसतं, काका."

लेकीला त्यांनी फोनवर हे सांगितलं तेव्हा ती आधी हसली. हसता हसता तिचा आवाज फुटला. "बाबा, आईही तुम्हाला खाते असं तुम्ही सगळ्यांना सांगायचात."

"डोकं खायची," मापकाका म्हणाले. "फक्त डोकं."



शुक्रवारी सकाळी मापकाका खोलीत शिरले ते कंबर बांधूनच. एक नर होता म्हणजे दुसरा असणार, आणि तो याच सामानात कुठेतरी असणार. प्राध्यापकाने सांगितलं होतं तसा पांढरा कागद फरशीवर पसरला. एकेक वस्तू उचलायची, कागदावर झटकायची, भिंगातून बघायची आणि निर्दोष ठरली की बाहेर ठेवायची. खात्यात असताना ते बाजाराच्या बाजार असे तपासत.

बटणांचे डबे झटकले. रिळं झाली. उशांचे न शिवलेले अभ्रे झाले. एक फ्रॉक निघाला, टाचण्या लावून अर्धा राहिलेला. तो सेक्रेटरींच्या नातीचा होता. आता ती पोर त्यात मावली नसती. मापकाकांनी त्याच्या सगळ्या घड्या उलगडून बघितल्या, प्रत्येक टाचणीपाशी भिंग धरलं. नर नव्हता. फ्रॉक बाहेर गेला.

बाहेरची जागा भरली तसं सामान जिन्यापाशी गेलं. सामान जिन्यापाशी दिसलं तशी माणसं आली. "हे कापड टाकणार का?" "न्या." "ही कात्री?" "न्या, पण आधी मला परत एकदा बघू द्या." मशीन त्यांच्याने एकट्याने हलेना, तेव्हा वहिनी आणि सेक्रेटरी दोघं आले. सेक्रेटरी बारकाईने मापकाकांचं तोंड हुंगून मगच हात लावायला तयार झाले. तिघांनी मशीन उलटं केलं, खालचा प्रत्येक खाचखळगा बघितला. माद्या होत्या, नर नव्हता.

"परत आत ठेवायचं का हे?" वहिनींनी विचारलं.

"वाटेत नको आत्ता. तुम्हाला चालत असेल तर न्या वर," मापकाका कागदावरून मान न उचलता म्हणाले.

दुपार कलली. शेवटी खिडकीच्या कट्ट्यावर काकूंची मापाची टेप राहिली, गुंडाळलेली. ही टेप म्हणजे त्यांच्या संसारातलं जुनं भांडण. वापरून वापरून ती ताणली होती आणि प्रत्येक हाताला अर्धा इंच खोटं दाखवायची. "वजनमापेवाल्याच्या घरात खोटी टेप! मी जप्त करीन," मापकाका म्हणायचे. "करा," काकू म्हणायच्या, "आणि उद्यापासून तुमचे पायजमे तुम्हीच बेता." लोक माप घरूनच मोजून आणायचे आणि काकू या टेपने बेतायच्या, त्यामुळे शिवलेलं सगळं जरा सैल व्हायचं आणि लोक म्हणायचे, काकूंचं शिवण किती आरामाचं.

मापकाकांनी टेप हळूहळू उलगडली. शेवटच्या वेटोळ्यात, अगदी मधोमध, नर बसला होता. हातमोज्यांसकट.

या वेळी त्यांनी त्याला एकट्याला बाटलीत ठेवलं. झाकण दोनदा पिळून बघितलं. मग प्राध्यापकाला फोन केला आणि तो "निघालो" म्हणाला.

लेक कचेरीतून थेट आली होती. फवारणीवाल्यांना दारात अडवायचं असं ठरवून रात्री राहायच्या तयारीने ती आली होती. ती खोलीच्या उंबऱ्यात थांबली.

"मिळाला!" मापकाकांनी बाटली उंच धरली. "पाय आठ. मी मोजले."

ती बाटलीकडे बघत नव्हती. "बाबा, खोली..."

मापकाका मागे वळले. चार भिंती होत्या, खिडकी होती आणि फरशीवर एक पांढरा कागद होता. बाकी काही नव्हतं. ज्या खोलीला हात लावू नये म्हणून हा सगळा खटाटोप केला, ती त्यांनी सकाळपासून स्वतःच्या हातांनी रिकामी केली होती. एकही वस्तू न बघता गेली नव्हती. हमालांनी अर्ध्या तासात केलं असतं, त्याला त्यांना अख्खा दिवस लागला होता.

त्यांनी पुढे होऊन भिंतीला तळहात लावला.

"ओल बरीच आहे गं," ते म्हणाले.

"मी सांगत होतेच."

दोघं फरशीवर भिंतीला टेकून बसली. लेकीने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि मापकाकांनी बाटली या हातातून त्या हातात घेतली, तिला धक्का लागू नये म्हणून.

प्राध्यापक त्याच संध्याकाळी आला, शिक्का मारलेलं पत्र आणि तो शिक्काही घेऊन. पण खोली बघून त्याने चौकशी केली, सामान कुठे गेलं? मापकाकांनी सांगितलं: मशीन वर, कापड पहिल्या मजल्यावर, अभ्रे तळमजल्यावर, रिळं समोरच्यांकडे, फ्रॉक सेक्रेटरींकडे. प्राध्यापकाने कपाळावर हात मारला. कोळी सामानाबरोबर घरोघर गेले असणार. त्याने पत्रातलं 'घर' खोडून 'संपूर्ण इमारत' केलं आणि शेजारी पुन्हा शिक्का मारला. शनिवारी सकाळी सेक्रेटरींनी स्वतः फवारणीवाल्यांना फाटकातून परत पाठवलं आणि फलकावर सूचना लावली: 'कोळ्यांना कोणीही त्रास देऊ नये. हुकुमावरून.' कुणाच्या हुकुमावरून ते लिहिलं नव्हतं.

जात नवी ठरायला पुढे कितीतरी महिने गेले. शास्त्राचं काम सावकाशीचं. प्राध्यापकाने नावाचं विचारलं तेव्हा लेक म्हणाली, "आईचं देऊ या."

"खुळी आहेस का?" मापकाका दचकले. "जन्मभर झाडू घेऊन यांच्या मागे असायची. तिचं नाव कोळ्याला दिलं तर वर गेल्यावर मला दारात उभं करायची नाही." मग प्राध्यापकाने जुन्या परक्या भाषेतला एक शब्द दिला, त्याचा अर्थ 'शिवणारा'. तो मापकाकांनी पास केला. मात्र छापून आलेल्या वर्णनात कुलूप-किल्लीवर चार पानं होती आणि कोळ्याच्या वागणुकीबद्दल एक ओळ नव्हती, याचं त्यांना वाईट वाटलं.

आतल्या खोलीला रंग लागला आहे आणि लेक शनिवारी तिथे झोपते. त्या खोलीत आता कोळी नाही. ते बाकी सगळ्या घरांत आहेत. म्हणून मापकाका रोज संध्याकाळी भिंग घेऊन तपासणीला निघतात. मजल्यामजल्यावर बेल वाजवतात, अभ्रे, रिळं, पडदे बघतात, चहा घेतात, शेरा देतात. जेवायची वेळ टळून जाते.

परवा वहिनींनी त्यांना दारातच गाठलं. "भावजी, मशीनखाली पिल्लं झालीत. पुष्कळ आहेत. मला पडदे शिवायचेत, पण पायडल मारायला धीर होत नाही. घाबरतील ना ती?"

मापकाका खाली वाकले. भिंगातून त्यांनी बराच वेळ बघितलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले.

"चालवा," ते म्हणाले. "खुशाल चालवा. ते मशीन बंद राहिलेलंच त्यांना सोसत नाही."